शंभर गुणांचा गडी

बलाढ्य प्रतिस्पर्ध्यास हरवावयाचे तर त्याहून मोठा खेळाडू आणावा, असे आपण सहज म्हणतो. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाजवळ तसा खेळाडू होताच. विल्ट चेंबरलेन याने १९६२ साली, दुसऱ्या संघात असताना, एका सामन्यात शंभर गुण केले होते. तरीही १९५९ पासून सलग आठ वर्षे अजिंक्यपद बोस्टनकडेच राहिले. १९६६ मध्ये बोस्टनविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात चेंबरलेनने ४६ गुण केले, आणि फिलाडेल्फिया हरलाच!

त्यानंतर ॲलेक्स हॅनम हे प्रशिक्षक म्हणून आले. १९५८ साली बोस्टनला नमविणाऱ्या सेंट लुईस संघाचे गुरू तेच. प्रमुख खेळाडू त्यांनी बहुतेक होते तेच ठेवले; बदलली ती कामाची वाटणी. चेंबरलेनभोवती प्रतिपक्षाचे दोघे-तिघे गोळा होत. तेव्हा ग्रीअर, वॉकर हे मोकळे असत. चेंडू त्यांना दे, असे हॅनम यांनी सांगितले. शंभर गुण करणाऱ्यास असे सांगणे म्हणजे गवयाला तंबोऱ्याच्या साथीला बसविणे! पण त्याने ते मानले. त्याची सरासरी ३३.५ गुणांवरून २४.१ वर आली, आणि संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले. १९६७ मध्ये बोस्टनचा ४-१ असा पाडाव झाला. पाठोपाठ अजिंक्यपदही आले.

पुढल्याच वर्षी फिलाडेल्फिया बोस्टनविरुद्ध ३-१ असा पुढे होता. बोस्टनने उरलेले तिन्ही सामने घेतले. त्यांतील शेवटच्या सामन्याच्या उत्तरार्धात चेंबरलेनने बास्केटकडे चेंडू टाकला तो अवघा दोनदा.