शोधसाधनाचे वर्णन

म्हैसूर येथील प्राच्य ग्रंथालयाची स्थापना १८९१ साली झाली. पुढे तेच प्राच्यविद्या संशोधन संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चे नाव विद्वानांना जुन्या ग्रंथांतील उल्लेखांवरून ठाऊक होते, परंतु मूळ ग्रंथ लुप्त झाला असेच मानले जाई. तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ग्रंथालयाच्या स्वाधीन केलेल्या ताडपत्रांतून तो ग्रंथ १९०५ साली ग्रंथपाल आर. शामशास्त्री ह्यांनी ओळखला. १९०९ साली त्यांनी मूळ संहिता छापली आणि १९१५ साली तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ग्रंथ जगात असणे आणि तो वाचकाला सापडणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हे ह्या घटनेवरून स्पष्ट होते.

आता कागदपत्रे धुंडाळण्याचे काम एआय एजंटकडेही सोपविले जाऊ लागले आहे. हा एजंट स्वतः दालनात शिरत नाही. त्याच्या हाती काही साधने दिलेली असतात आणि प्रत्येक साधनासोबत त्याचे नाव, वर्णन व भरावयाचे रकाने एवढेच त्याला वाचावयास मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ह्या खुल्या संकेतातही साधनाची ओळख अशीच करून दिली जाते. कोणते साधन उचलावे, हे एजंट ह्या चार ओळींवरून ठरवितो. तेव्हा त्या ओळी म्हणजे त्याच्यापुरती ग्रंथालयाची सूचीच होय.

ताडपत्रांच्या एखाद्या संग्रहासाठी असे साधन तयार करावयाचे आहे, असे समजू. ‘कागदपत्रे शोधते’ एवढेच वर्णन लिहिले तर ते खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. मराठी वाचकाने ‘अर्थशास्त्र’ मागितले तर त्याला कौटिल्य हवा आहे की आजचे आर्थिक शास्त्र, हे त्यावरून कळत नाही. ह्याउलट पुढील वर्णन पाहावे: ‘हे साधन हस्तलिखितांच्या सूचीत शोध घेते, हस्तलिखितांतील मजकुरात नव्हे. ग्रंथनाम, कर्ता किंवा लिपी ठाऊक असल्यास ते वापरावे. ग्रंथातील एखादे वचन शोधावयाचे असल्यास मजकूर-शोधाचे साधन घ्यावे. एका वेळी अधिकात अधिक वीस नोंदी मिळतात.’ साधन काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये आणि हाती काय येते, हे चारही प्रश्न येथे सुटतात. त्यांतील तिसरा बहुधा विसरला जातो; आणि दोन साधने एकमेकांसारखी दिसू लागली की एजंटची गफलत तेथेच होते.

रकान्यांनाही हाच नियम लागू आहे. शामशास्त्रींच्या हाती आलेली पोथी संस्कृत भाषेतील, पण ग्रंथ लिपीतील होती. ‘भाषा’ आणि ‘लिपी’ हे रकाने वेगळे नसतील तर अशी पोथी शोधणाराच्या हातून निसटेल. नुसता ‘वर्ष’ हा शब्दही असाच संदिग्ध आहे. ते रचनेचे, नक्कल केल्याचे की छपाईचे, हे सांगितलेच पाहिजे. गावाच्या नावाची म्हैसूर आणि मैसूरु अशी दोन्ही रूपे चालतात की एकच, हेही एका वाक्यात लिहिता येते. उत्तरादाखल येणाऱ्या नोंदीतही असाच भेद हवा. मूळ पोथी, १९०९ ची संहिता, १९१५ चे भाषांतर आणि मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ ह्या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले ह्यांची आवृत्ती, ह्या सर्वांवर ‘अर्थशास्त्र’ एवढीच चिठ्ठी चिकटवून भागणार नाही.

वर्णन विस्तृत असावे, ह्याचा अर्थ ते पाल्हाळिक असावे असा नव्हे. अनेक साधनांची वर्णने एजंटला एकदमच वाचावी लागतात. त्यांत स्तुतीची विशेषणे भरली तर कामाचे शब्द झाकले जातात. वर्णन साधले की नाही, ह्याची कसोटी सोपी आहे. वाचक खरोखर विचारतात असे पंधरा-वीस प्रश्न एजंटपुढे ठेवावेत, त्याने कोणते साधन निवडले ते पाहावे आणि तो चुकला तेथे प्रथम वर्णनातील शब्द तपासावेत.

सर्वांत अधिक काळजी रिकाम्या उत्तराची घ्यावयास हवी. ‘ह्या सूचीत नोंद आढळली नाही’ आणि ‘असा ग्रंथ नाही’ ह्या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. साधनाने आपली मर्यादा सांगितली नसेल तर एजंट पहिल्याचे दुसरे करून वाचकाला निःशंकपणे सांगेल, आणि वाचक शोध थांबवील. कपाटात सुरक्षित असलेला ग्रंथ अशा रीतीने वाचकापुरता पुन्हा लुप्त होतो.