थंड मुलखातले नवे बिऱ्हाड



सूर्य मावळून तास झाला तरी या मंडपाच्या कनाती अजून गरम आहेत. अशा संध्याकाळी मला बर्फावर बोलायला उभे केले, ही चालकांची रसिकता की थट्टा, ते तुम्हीच ठरवा. विषय मात्र थट्टेचा राहिलेला नाही. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कर्ज काढून मुलाला कॅनडात शिकायला पाठवावे, ही भाषा आता आपल्याकडच्या ओसरीवरही ऐकू येते. पाठवणाऱ्याला आपण कोठे पाठवतो आहोत हे कळले पाहिजे, म्हणून विनिपेगमध्ये काढलेल्या हिवाळ्यांविषयी मी बोलणार आहे.

विनिपेग ही मॅनिटोबा प्रांताची राजधानी. शहर खंडाच्या मध्यावर, सपाट मैदानात वसलेले. उत्तरेकडून येणारा वारा अडवायला डोंगर नाही. जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सोळा अंशांच्या आसपास असते, आणि शून्याखाली ३० अंशांच्या रात्रींचे तेथे कोणाला नवल वाटत नाही. आपल्या अक्कलकुव्याकडे डाबला किंवा तोरणमाळला एखाद्या पहाटे दव गोठले, तर वर्तमानपत्रात छायाचित्र येते. तेथे नोव्हेंबरात पडलेला बर्फ मार्च उलटेपर्यंत अंगणातून हलत नाही. श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात. वाऱ्यासह जाणवणारी थंडी शून्याखाली २८ पर्यंत गेली, तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. कान आणि बोटे आधी जातात. ती दुखायची थांबली तर बरे वाटले असे समजू नये, ते अधिक वाईट लक्षण.

तरीही सांगतो, थंडी हा या प्रकरणातला सोपा भाग आहे. अंगालगत सुती कपडा नको, कारण घामाने तो ओला राहतो आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, त्यावर जाड उबदार आणि सर्वांत वर वारा अडवणारा, अशी तीन पुटे. बोटे सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहतील अशी पिशवी बरी. बूट किंचित सैल हवेत. दोन जोड मोजे कोंबून आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही. घरे तर उबदारच असतात. घरात बसून कुडकुडायचे ते आपल्याकडे, डिसेंबरात. तेथे त्रास होतो तो कोरडेपणाचा. गोठलेल्या हवेत मुळात बाष्प थोडे. तीच घरात तापवली की ओठ फुटतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते.

मोटारींची गंमत मला अखेरपर्यंत वाटत राहिली. प्रत्येक गाडीच्या तोंडातून विजेची एक वायर लोंबत असते. रात्री ती खांबाला जोडून ठेवायची, म्हणजे इंजिन थोडे गरम राहते. नाही तर सकाळी गाडी हूं की चूं करीत नाही. म्हशी दावणीला बांधाव्यात तशा गाड्यांच्या रांगा खांबांना बांधलेल्या!

काळोखाचे मात्र हसण्यावारी नेऊ नये. डिसेंबरात सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. मुलगा अंधारात बाहेर पडतो आणि अंधारात परततो. आठवडेच्या आठवडे असे गेले की मन उतरते. तो आळस नव्हे. प्रकाशाच्या अभावाने येणारी ती खरी व्याधी आहे, आणि तीवर उपचार आहेत.

आता अवघड भागाकडे येतो. नंदुरबारात वाणी उधार देतो तो वडिलांच्या नावावर. कोणाचा कोण, कोणत्या गल्लीतला, एवढे कळले की दार उघडते. तेथे घरमालक विचारतो, आधी कोठे राहत होतात? बँक विचारते, आधी कोणाचे देणे फेडलेत? ज्याने जन्मात कर्ज बुडवले नाही आणि ज्याने जन्मात कर्ज घेतले नाही, ते दोघेही तिच्या वहीत कोरेच. नोकरी देणारा विचारतो, कॅनडातला अनुभव किती? नोकरीवाचून अनुभव नाही, अनुभवावाचून नोकरी नाही. हा अन्याय आहे, हे तेथील शासनालाही हळूहळू पटले. ऑंटारिओच्या अभियंता संस्थेने परवान्यासाठीची ही अट २०२३ मध्ये काढली, आणि त्या प्रांतात नोकरीच्या जाहिरातीत ती घालण्याला १ जानेवारी २०२६ पासून मोठ्या आस्थापनांना मनाई झाली.

एके काळी दारच बंद होते. मायदेशाहून थेट, न थांबता आलेल्यालाच प्रवेश, असा नियम १९०८ मध्ये झाला. हिंदुस्थानातून तसे जहाजच मिळू नये ही त्यातली मेख. १९१४ मध्ये ३७६ प्रवासी घेऊन ‘कोमागाता मारू’ व्हँकुव्हरला पोचली. दोन महिने तिला ताटकळत ठेवून, बहुतेक सर्वांसह परत पाठवण्यात आले. १९६७ मध्ये शिक्षण, भाषा, वय यांना गुण देण्याची पद्धत आली आणि आपले डॉक्टर, अभियंते जाऊ लागले. पण गुण देणारे वेगळे आणि परवाना देणारे वेगळे. म्हणून डॉक्टर म्हणून देशात शिरलेला माणूस टॅक्सी चालवताना दिसतो.

विद्यार्थ्याची स्थिती त्याहून नाजूक. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना केंद्र शासनाच्या खर्चाने भाषेचे वर्ग आणि सल्ला मिळतो. परदेशी विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी तो मिळत नाही. खर्चासाठी दाखवायची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून दहा हजार डॉलरवरून २०,६३५ वर गेली, पुढे २०२५ च्या सप्टेंबरात २२,८९५ झाली; फी आणि प्रवास वेगळा. महाविद्यालय चालू असताना बाहेर आठवड्याला चोवीस तासच काम करता येते, हा नियम नोव्हेंबर २०२४ चा. हे आकडे घेऊन हिशेब मांडा आणि मग सांगा, पहिल्या महिन्यापासून हप्ते फेडायला तो पैसे कोठून पाठवील? तो फोनवर तुम्हाला खिडकीबाहेरचा बर्फ दाखवतो. खोली तळघरातली आहे, तीत चौघे निजतात, हे दाखवत नाही. त्याला बर्फ किती पडला हे विचारू नका. काल कोणाबरोबर जेवलास, हे विचारा.

कारण नवखा माणूस टिकतो तो ओळखीवर, आणि ती हिवाळ्यात मुद्दाम करावी लागते. दारे बंद, रस्ते रिकामे. कॅल्गरीत असा नियम आहे की बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत घरासमोरची पायवाट घरवाल्याने मोकळी करायची. फावडे हातात असताना शेजाऱ्याच्या दारापुढचेही चार हात ओढून टाकले, तर तो दुसऱ्या दिवशी नाव विचारतो. सार्वजनिक वाचनालय, गुरुद्वारा, टोरांटोसारख्या गावी आपले मराठी भाषिक मंडळ, या जागा पहिल्याच महिन्यात गाठाव्यात. अडचणीत पडल्यावर जाणाऱ्याला तेथे मदत मिळते, ओळख मिळायला वेळ लागतो.

हे परदेशाचे झाले, पण नव्या बिऱ्हाडाचे दुःख पाहायला आपल्याला विमानाची गरज नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणीची तेहेतीस गावे सापडली. मणिबेलीसारख्या गावांतली माणसे नर्मदेचा काठ सोडून तळोद्याकडच्या सपाटीवर, वनातून मोकळ्या केलेल्या जमिनीवर आणली गेली. ज्यांना पाणी आणि मासे नदी देत होती, त्यांना हापशासमोर रांग लावावी लागली. जुन्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि तिला कारण होते. त्यांतल्या काही जमिनींवर स्थानिक आदिवासींची नांगरट आधीपासून होती. कॅनडातही घरभाडी भडकली तेव्हा बोट नव्यांकडे वळले, आणि २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली. आपल्या मुलाला तेथे कोणी आठी घातली की आपल्याला राग येतो. तळोद्याच्या बाजारात वसाहतीतला माणूस गव्हाचा भाव विचारतो, तेव्हा आपण त्याला कोणत्या स्वरात उत्तर देतो?

अध्यक्ष घड्याळ पाहू लागले आहेत. सामानात काय द्यावे, असे काही भगिनींनी मघाशी विचारले. कोट येथून देऊ नका. तेथे जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला आणि स्वस्त मिळतो. गुणपत्रिका, लस टोचल्याची नोंद आणि वाहन चालवण्याच्या परवान्याचा दाखला द्या, तीन-तीन प्रतींत. आणि नंदुरबारची मिरचीपूड द्या, पण दोन डब्यांत. दुसरा शेजाऱ्यासाठी.