कचेरींतील नवी परिभाषा



पुण्यास हिंजवडीला किंवा मुंबईस पवईला संगणकाच्या प्रणाली तयार करणाऱ्या एखाद्या कचेरींत नवा तरुण रुजू होतो, तेव्हां पहिल्या आठवड्यांत त्याच्या कानांवर जे शब्द पडतात, ते त्यानें महाविद्यालयांत क्वचितच ऐकलेले असतात. 'ही स्टोरी या स्प्रिंटमध्यें घ्या', 'ती बॅकलॉगमध्यें टाका', 'आपली व्हेलॉसिटी कां घसरली?', 'उद्यां स्टँड-अपला सांगा.' शब्द इंग्रजी खरे, परंतु इंग्रजी कोश उघडून त्यांचा उलगडा होत नाहीं. ॲजाइल या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कार्यपद्धतीची ही परिभाषा आहे. तिच्यांतील नेहमींचे कांहीं शब्द नवख्या माणसासाठीं उकलून सांगावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

एक गोष्ट मात्र प्रारंभींच सांगून ठेवतों. यांतील बहुतेक शब्द मुळांत काम करणाऱ्या माणसांनीं आपल्या सोयीसाठीं घडविले. पुढें ते काम करवून घेणाऱ्यांच्या हातीं गेले आणि कित्येकांचा अर्थ पालटला. म्हणून मूळ अर्थ ठाऊक असणें हें नवख्याला केवळ मुलाखतीपुरतें उपयोगी नाहीं. त्याच्या रोजच्या आठ तासांचें, आणि पुष्कळदां त्यापुढील दोन तासांचें भवितव्य त्यावर अवलंबून असतें.

ॲजाइल म्हणजे चपळ. २००१ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील यूटा संस्थानांत, स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणीं १७ जण जमले आणि त्यांनीं या नांवानें एक छोटासा जाहीरनामा काढला. त्या वेळीं मोठ्या कामांची रूढ रीत अशी होती कीं, ग्राहकाच्या सर्व मागण्या आधीं लिहून घ्यावयाच्या, मग आराखडा, मग बांधणी आणि शेवटीं तपासणी. पाणी जसें एका पायरीवरून दुसरीवर पडतें, तसें काम खालीं उतरत जावयाचें. म्हणून तिला 'वॉटरफॉल' म्हणतात. विन्स्टन रॉइस यानें १९७० सालीं एका निबंधांत अशा उतरणीची आकृति काढली होती. परंतु त्याच निबंधांत ही सरळ उतरण धोक्याची आहे, असेंही त्यानें बजावलें होतें. लोकांनीं आकृति उचलली आणि इशारा जागच्या जागीं राहिला. निबंध न वाचतां आकृति तेवढी पाहण्याची खोड कांहीं आपल्याकडेच आहे असें नाहीं!

चपळपणाचा अर्थ येथें घाई असा नव्हे. आपल्याला नेमकें काय हवें हें ग्राहकाला स्वतःलाही आधीं पुरतें ठाऊक नसतें, कांहींतरी करून दाखविल्यावरच तें त्याला कळतें, ही या पद्धतीच्या मुळाशीं असलेली कबुली आहे. थोडें करावें, दाखवावें, त्यावरून शिकावें आणि पुढचें ठरवावें. वळतां येणें, हा तिच्यांतील चपळपणा.

'स्क्रम' हा शब्द रग्बी या खेळांतला. १९८६ सालीं ताकेउची आणि नोनाका या दोघां जपानी पंडितांनीं हार्वर्डच्या व्यापारविषयक नियतकालिकांत असें प्रतिपादिलें कीं, नवी वस्तु घडवितांना एकानें धांवून दुसऱ्याच्या हातीं दांडी देण्यापेक्षां सबंध संघानें मिळून चेंडू पुढें न्यावा. त्यावरून जेफ सदरलंड व केन श्वाबर यांनीं नांव घेतलें आणि १९९५ सालीं आपली पद्धति विद्वानांच्या परिषदेपुढें मांडली. नवखे लोक ॲजाइल आणि स्क्रम हे शब्द एकाच अर्थानें वापरतात. तें बरोबर नव्हे. ॲजाइल हा विचार. स्क्रम ही त्या विचाराची एक रीत.

आतां उदाहरण घेऊं. समजा, एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीसाठीं संगणकाची प्रणाली करावयाची आहे. 'सभासद म्हणून मला घरबसल्या पुस्तक राखून ठेवतां यावें, म्हणजे माझा हेलपाटा वाचेल.' ही झाली एक 'यूजर स्टोरी'. कोणाला, काय आणि कशासाठीं हवें, हें तिच्यांत एका वाक्यांत येतें. पूर्वीं ती एका लहानशा कार्डावर लिहीत, आणि कार्ड मुद्दामच लहान ठेवीत; कारण तें करारपत्र नसून बोलण्याची आठवण आहे. राखून ठेवलेलें पुस्तक किती दिवस ठेवावें, दोघांनीं एकच पुस्तक मागितलें तर काय, हें सारें ग्रंथपालाशीं बोलूनच ठरावयाचें. एकाच कार्डांत न मावणाऱ्या मोठ्या मागणीला 'एपिक' म्हणतात. व्यासांच्या महाभारताशीं तिचा संबंध एवढाच कीं, तीही पर्वें पाडल्यावांचून हाताळतां येत नाहीं.

अशा सर्व मागण्यांची क्रमवार यादी म्हणजे 'बॅकलॉग'. सरकारी कचेरींत या शब्दानें थकलेल्या कागदांचा ढीग समजतात. येथें तसें नाहीं. ही यादी कधीं संपावयाची नसते, फक्त तिच्या माथ्यावर सर्वांत मोलाचें काम असावें लागतें. तो क्रम लावण्याचा अधिकार एका व्यक्तीचा, समितीचा नव्हे. तिला 'प्रॉडक्ट ओनर' म्हणतात. 'स्क्रम मास्टर' नांवाचा जो दुसरा गृहस्थ असतो, तो नांवानें मास्टर असला तरी साहेब नव्हे. पद्धत नीट चालते कीं नाहीं हें पाहणें आणि संघाच्या वाटेंतील अडथळे दूर करविणें, हें त्याचें काम.

'स्प्रिंट' म्हणजे ठराविक मुदत. एक महिना किंवा त्याहून कमी, बहुधा दोन आठवडे. तिच्या अखेरीस वापरतां येईल असें कांहींतरी हातीं आलें पाहिजे. काम संपलें नाहीं म्हणून मुदत वाढवीत नाहींत. उरलेलें काम यादींत परत जातें. नांव मात्र दुर्दैवी खरें. शंभर मीटर धांवणारा गडी शर्यत संपल्यावर दम घेतो, येथें एक स्प्रिंट संपतांच दुसरी सुरू होते. जाहीरनाम्याबरोबरच्या बारा तत्त्वांत, जी चाल अखंड टिकवितां येईल तीच चाल ठेवावी, असें स्पष्ट तत्त्व आहे. रात्रीं जागून स्प्रिंट 'वाचविणाऱ्या' कचेऱ्यांनीं तें पुन्हां वाचावयास हरकत नाहीं.

मुदतीच्या अखेरीस 'झालें' कशाला म्हणावयाचें, हेंही आधींच लिहून ठेवतात. तें 'डेफिनिशन ऑफ डन'. आपल्या भाषेंत 'झाल्यांत जमा' असा एक मोठा सोयीचा प्रयोग आहे. या पद्धतींत त्याला थारा नाहीं. पुस्तक राखून ठेवण्याची सोय लिहून झाली, पण तपासली नाहीं, तर ती झालेली नाहीं.

आतां ज्यावरून सर्वांत अधिक मनस्ताप होतो, त्या दोन शब्दांकडे वळूं. कामाचा अंदाज तासांत न करतां 'स्टोरी पॉइंट'मध्यें करतात. एक लहान काम मापाला धरावयाचें आणि दुसरें त्याच्या मानानें केवढें, तें सांगावयाचें. त्यासाठीं १, २, ३, ५, ८, १३ अशा आंकड्यांचे पत्ते वापरतात. २००२ सालीं जेम्स ग्रेनिंग यानें या रीतीला 'प्लॅनिंग पोकर' असें नांव दिलें. काम जों जों मोठें, तों तों त्याचा अंदाज ढोबळ, म्हणून आंकड्यांतील अंतरही वाढत जातें. ही अंकमाला फिबोनाची याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या १२०२ सालच्या ग्रंथापूर्वींच हेमचंद्रानें मात्रावृत्तांतील लघु-गुरूंच्या रचना मोजतांना ती सांगितलेली आहे. पत्ते सर्वांनीं एकदम उलटावयाचे, म्हणजे वडीलधाऱ्याचा आंकडा ऐकून नवखा आपला आंकडा गिळीत नाहीं. एकानें २ दाखविले आणि दुसऱ्यानें १३, कीं दोघांनींही कारण सांगावयाचें. पहिल्याला सोपी युक्ति ठाऊक असते, किंवा दुसऱ्याला दडलेली अडचण दिसलेली असते. खरा लाभ त्या बोलण्यांत आहे. आंकडा हें केवळ निमित्त.

एका स्प्रिंटमध्यें संघानें पुरे केलेल्या पॉइंटांची बेरीज म्हणजे 'व्हेलॉसिटी'. यादींत १२० पॉइंटांचें काम असून संघ सरासरीनें २० पुरे करीत असेल, तर सुमारें सहा स्प्रिंट लागतील, असा अदमास निघतो. तिचा उपयोग एवढाच. पण आंकडा दिसला कीं तुलना करण्याचा मोह आवरत नाहीं. त्या संघाचे ४० आणि तुमचे २० कां, असा प्रश्न येतो. एका गांवची पायली दुसऱ्या गांवच्या पायलीहून लहान-मोठी असे, त्या काळीं कोणी असा प्रश्न विचारता तर लोक हंसले असते. व्हेलॉसिटी वाढविण्याचा हुकूम सुटला, म्हणजे काल ३ चें असलेलें काम आज ५ चें होतें. आंकडा चढतो, काम तेवढेंच राहतें, आणि अंदाज करण्याचें साधनही बिघडतें. या पॉइंटांचे जनक बहुधा आपणच असूं, असें म्हणणाऱ्या रॉन जेफ्रीज यांनीं २०१९ सालीं त्याबद्दल उघड खेद व्यक्त केला आहे.

'कमिटमेंट' या शब्दाचीही अशीच कथा. स्प्रिंटमध्यें घेतलेलें काम म्हणजे संघाचें वचन, असें पूर्वीं म्हणत. वचन म्हटलें कीं तें मोडल्याचा दोष आला. म्हणून २०११ सालच्या स्क्रम मार्गदर्शिकेंत तेथें 'अंदाज' या अर्थाचा शब्द घातला गेला. २०२० च्या आवृत्तींत वचनाचा शब्द परत आला आहे, पण तो ध्येयाला आणि 'झालें'च्या व्याख्येला लावलेला आहे. कामांच्या यादीला नव्हे.

'स्टँड-अप' म्हणजे रोजची पंधरा मिनिटांची भेट. उभ्यानें बोलल्यास बोलणें आटोपशीर राहतें, हें नांवाचें कारण. काल काय केलें, आज काय करणार, अडचण कोणती, हे तीन ठराविक प्रश्न कित्येक कचेऱ्यांत अजून विचारतात. मार्गदर्शिकेंतून ते २०२० सालीं गेले. भेट संघानें आपला दिवस आंखण्यासाठीं आहे. प्रत्येकजण वरिष्ठाकडे तोंड करून बोलूं लागला, कीं ती शाळेंतली हजेरी होते. स्प्रिंटच्या शेवटीं केलेलें काम ग्राहकाला दाखवितात तो 'रिव्ह्यू', आणि आपल्या वागण्याचा विचार संघ आपसांत करतो तें 'रेट्रोस्पेक्टिव्ह'; एवढा भेद लक्षांत ठेवला तरी पुरे.

ती मार्गदर्शिका अवघ्या तेरा-चौदा पानांची असून विनामूल्य मिळते. रुजू झाल्यावर एखाद्या संध्याकाळीं ती सबंध वाचावी. वाचतांना एक चमत्कारिक गोष्ट आढळेल. स्टोरी, एपिक, पॉइंट, व्हेलॉसिटी, ज्यांवरून दिवसभर वाद चालतात ते हे शब्द २०२० च्या आवृत्तींत कोठेंच नाहींत. ते इतर वाटांनीं आले आणि चिकटले. तेव्हां आपल्या कचेरींत त्यांचा अर्थ काय धरतात, हें तेथल्याच मंडळींना विचारावें लागतें. आणि असले प्रश्न पहिल्या महिन्यांत विचारले तर कोणाला त्यांचें नवल वाटत नाहीं.