मोठ्या मेघाजवळील एक अंधूक तारकागुच्छ



मे महिन्यातील स्वच्छ रात्री, साडेनऊच्या सुमारास, दक्षिणेकडे नरतुरंग तारकासमूहात एक पुसट ठिपका दिसतो. तो एक तारा नसून लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ होय. मुलांस तो अवश्य दाखवावा; या बाबतीत खेड्यातील शाळा शहरातील शाळांहून भाग्यवान आहे. परंतु असेही गुच्छ आहेत की, जे मोठ्या दुर्बिणीतून पाहूनही गुच्छ म्हणून ओळखू येत नाहीत. त्यांपैकी एकाची ही हकीकत आहे.

आपल्या आकाशगंगेभोवती अनेक लहान दीर्घिका आहेत. त्यांतील 'मॅगेलनचा मोठा मेघ' सुमारे 1 लाख 60 हजार प्रकाशवर्षांवर आहे. दक्षिण गोलार्धात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. महाराष्ट्रात मात्र तो क्षितिजालगतच राहतो व धुरकटीत हरवतो. या मेघाचा व त्याच्या धाकट्या जोडीदाराचा पूर्वेतिहास शोधण्याकरिता चिली देशातील सेरो टोलोलो येथील 4 मीटर व्यासाच्या दुर्बिणीने 'स्मॅश' नावाची पाहणी करण्यात आली. त्या पाहणीत, मोठ्या मेघापासून आकाशात सुमारे 11 अंश दूर, अपेक्षा नसताना एक गुच्छ हाती लागला. निकोला मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे नाव 'स्मॅश 1'.

जो दिसत नाही तो सापडला कसा? जत्रेच्या गर्दीत एकाच गावची माणसे विखुरलेली असली, तरी त्या गावच्या पागोट्याची धाटणी ठाऊक असलेला मनुष्य ती वेचून काढतो. ताऱ्यांचे पागोटे म्हणजे त्यांचा रंग व तेज. एकाच वेळी जन्मलेले आणि आपल्यापासून सारख्याच अंतरावर असलेले तारे रंग व तेज यांच्या आलेखावर एका ठराविक वक्ररेषेवर पडतात. त्या रेषेवरचे तेवढेच तारे ठेवून बाकीचे वगळले, म्हणजे नकाशावर कोठे दाटी आहे ते कळते. फळ्यावर हा आलेख सहज काढता येईल.

या रेषेवरूनच वय व अंतरही निघाले. वय सुमारे 1300 कोटी वर्षे, म्हणजे सूर्याच्या वयाच्या जवळजवळ तिप्पट. अंतर सुमारे 1 लाख 85 हजार प्रकाशवर्षे. लोहाचे प्रमाण सूर्यातील प्रमाणाच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढे. कारण हे तारे जन्मले तेव्हा विश्वात लोह फारसे तयारच झालेले नव्हते. एकंदर प्रकाश अवघ्या दोनशे सूर्यांच्या आसपास! हा आकडा मात्र सैलच धरावा. इतक्या लहान घरात एखादा तांबडा राक्षसी तारा आपला मानला की परका, एवढ्यानेही बेरीज पुष्कळ बदलते.

गुच्छाचा आकार गोल नाही. त्याची रुंदी लांबीच्या निम्म्याहूनही कमी भरते. त्यावरून मेघाचे गुरुत्वाकर्षण त्यास ताणीत असावे व त्याचे तारे एकेक करून निसटत असावेत, असा तर्क करण्यात आला. तसे असेल, तर 1300 कोटी वर्षे टिकलेला हा समुदाय विखुरताना आपणांस गवसला आहे. मुलांपुढे हा भाग सांगताना 'असावे' हा शब्द गाळू नये. मूळ शोधनिबंधाच्या मथळ्याच्या शेवटीही प्रश्नचिन्हच आहे.