पत्र आधी सबंध वाचावे

भगिनींनो, पुढील अभ्यासवर्गासाठी मी बायबलातील पौलाचे फिलेमोनास पत्र सुचविले आहे. वचने अवघी २५. त्यांचा कीस काढण्याआधी पत्र सबंध, मोठ्याने वाचावे. मुंबईचे पत्र आले की एकीने वाचायचे नि घराने ऐकायचे, तसे. मला पाच मिनिटेही लागली नाहीत. पंडिता रमाबाईंचे हिब्रू-ग्रीकवरून केलेले, १९२४ साली निघालेले सोपे भाषांतर मिळाल्यास जवळ असू द्यावे.

तुरुंगातून पौल विनवितो, अनेसिम या दासाला आता बंधू म्हणून घरात घे. मायन्यात अफ्फिया या बहिणीचेही नाव आहे. चूल तिचीच असावी! तिने त्याला पंक्तीत बसविले का? पत्रात उत्तर नाही. आपल्या वैभववाडीत आपण काय केले असते, ते प्रत्येकीने ठरवून यावे.