डोळ्यातला परजीवी आणि कागदावरचा नंबर

आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात रेकॉर्ड रूमला काम करतो. तुम्ही केसपेपर काढता, आत डॉक्टर तपासतात, ड्रॉप घेऊन तुम्ही घरी जाता, आणि मग तो कागद आमच्या टेबलावर येतो. त्यावर जो आजार लिहिलेला असतो त्याला आम्ही एक नंबर देतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची तीन जाडजूड खंडांची यादी आहे, आयसीडी-१० नावाची. विम्याचे कागद आणि सरकारला जाणारी आकडेवारी या नंबरांवर चालते. आज बोलायचं आहे ते डोळ्यात शिरणाऱ्या परजीवींबद्दल, कारण तिथे आमचा नंबर सगळ्यात जास्त चुकायचा संभव असतो.

असा आजार आला की या यादीत त्याची दोन घरं असतात. परजीवीचं घर ‘बी’ अक्षराखाली, डोळ्याचं ‘एच’खाली. अकँथअमीबा नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव बुबुळात शिरला, तर बी ६०.१ हा मूळ कारणाचा नंबर, त्याच्यापुढे खंजिराची खूण. सोबत बुबुळाच्या आजाराचा एच १९.२, त्याला ताऱ्याची खूण. तारा एकटा कधी लिहायचा नाही, असा नियमच आहे. कारण माहीत नसेल, तर उरतो एच १६.९. म्हणजे बुबुळाला सूज, कशानं ते ठरलं नाही. शेवटी ९ दिसला की बहुतेक वेळा समजायचं, कागद अर्धवट आहे.

आता हा कागद अर्धवट कसा राहतो ते सांगतो. उसात काम करताना पाचट डोळ्याला लागतं, किंवा मळणीत कुसळ जातं. बाई तिथल्याच टाकीतल्या किंवा पाटातल्या पाण्याचा हबका मारते. दोन दिवसांनी डोळा लाल. मग मेडिकलमधून ड्रॉप येतो, शेजारची आपला उरलेला ड्रॉप देते. आठवड्यानं दवाखान्यात आल्यावर विचारलं, काय झालं? “डोळा आलाय.” एवढंच! पाचट नाही, पाणी नाही, ड्रॉप नाही. कागदावरही तेवढंच उतरतं.

हा अकँथअमीबा पाण्यात आणि मातीत सगळीकडे असतो. शहरात कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्यानं धुणाऱ्या मुलींना तो होतो, आपल्याकडे लेन्स कधी न पाहिलेल्या बायकांनाही होतो. सुरुवातीला तो नागिणीच्या जातीच्या विषाणूनं होणाऱ्या बुबुळाच्या आजारासारखाच दिसतो, त्याचा नंबर बी ००.५. औषधं मात्र अगदी वेगळी. त्यातून आधी स्टेरॉइडचा ड्रॉप पडलेला असेल, तर लाली कमी होते, बरं वाटतं, आणि आत रोग वाढत राहतो. उशिरा कळलं तर डोळ्यात फूल पडतं. वेळेत कळलं तरी औषध महिनोन्महिने चालतं, सुरुवातीला तर तासातासाला थेंब. म्हणून ‘पाचट लागलं, टाकीचं पाणी मारलं’ हे शब्द कागदावर असले पाहिजेत. ते वाचून डॉक्टर बुबुळ खरवडून तपासायला पाठवतात. लॅबमध्ये जिवाणूंचा थर दिलेल्या प्लेटवर नमुना ठेवतात, आणि अमीबा असेल तर तो ते जिवाणू खात फिरतो, त्याच्या वाटा दिसतात. याला काही दिवस लागतात.

दुसरा आजार सिस्टिसर्कोसिस. फितकृमीच्या अंड्यांतून निघालेली अळी शरीरात जाऊन गाठ धरते. मेंदूत धरली तर झटके येतात, डोळ्यात धरली तर नजर जाऊ शकते. डोळ्यातल्याचा नंबर बी ६९.१. हा कृमी डुकराच्या मांसातून पोटात येतो, हे बरोबर. पण गाठी होतात त्या अंडी पोटात गेल्यानं, आणि ती अंडी कृमी असलेल्या माणसाच्या शौचातून पाण्यात, भाजीत येतात. गळ्यात माळ घातलेल्या मावशींच्या कागदावर हे नाव लिहिलं की घरात भांडण उभं राहतं. “आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, लिहिलं कसं?” कोणी तो कागदच लपवून ठेवतं. अहो, न धुतलेली कोथिंबीर पुरते त्याला.

कागद लपवणं इथे फार महागात पडतं. मेंदूतल्या गाठींवर जंतावरची गोळी सुरू करण्याआधी डोळ्याचा पडदा तपासायचा असतो. डोळ्याच्या आत गाठ असताना ती गोळी दिली, तर अळी मरताना एवढी सूज येते की डोळाच जाऊ शकतो. आत असलेली गाठ बहुधा ऑपरेशननं काढतात, बाहेरच्या स्नायूत असेल तर गोळ्यांनी भागतं. आता बी ६९.१ एवढा नंबर वाचून यातलं काय कळणार? गाठ नेमकी कुठे, ते नंबर सांगत नाही. डोळा डावा की उजवा, हेही या यादीच्या नंबरात नाही. ते शब्दांतच लिहिलेलं असावं लागतं. म्हणून झटक्यांच्या डॉक्टरांकडे जाताना डोळ्याचा कागद न्यायचा, आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडे येताना झटक्यांचा.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. दाखल पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटपर्यंत ‘अमुक आजाराची शंका’ असंच राहिलं आणि दुसरी काही माहिती नसली, तर या यादीच्या नियमाप्रमाणे तो आजार आहे असंच धरून नंबर द्यावा लागतो. औषधं पाहून आम्ही अंदाज करायचा नसतो. आणि लॅबचा रिपोर्ट तर पुष्कळदा पेशंट घरी गेल्यावर येतो! तो घ्यायला कोणी आलंच नाही, तर शंका तशीच पक्की होऊन बसते.

तेव्हा घरी जाताना विचारून घ्या, रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल. त्या दिवशी कार्ड आणि वापरलेल्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, घेऊन या. कार्डावरची दुरुस्ती डॉक्टरच सही-तारखेनिशी करतात, आम्हाला खाडाखोड करता येत नाही. ती झाली की कार्ड आमच्या खिडकीवर द्या. नंबर तिथल्या तिथे बदलून मिळतो.