बोटांखालचं पुस्तक



ऑर्बिट रीडर 20 हे ब्रेल वाचण्या-लिहिण्याचं हातात मावणारं यंत्र.
त्याच्या पट्टीवर एका वेळी 20 ब्रेल खुणा उमटतात.

बारीक टिंबं वर येतात...
बोटाला लागतात.
बटण दाबलं, की पुढचा मजकूर उभा राहतो.

पुस्तक असतं मेमरी कार्डात.
पण पीडीएफ तशीच टाकू नका.
यंत्राला ती वाचता येत नाही.

मराठी मजकूर आधी संगणकावर ब्रेलमध्ये बदला.
लिबलुई या मोफत सॉफ्टवेअरला मराठी येतं.
फाईल ठेवायची बीआरएफ प्रकारात.
पुन्हा सांगते... बीआरएफ!

ऐकून अभ्यास होतो, हे खरं.
पण ऱ्हस्व-दीर्घ पक्कं होतं, ते बोटांनी वाचूनच.
म्हणून मुलांच्या हाती हे यंत्र लवकर यावं, असं मला मनापासून वाटतं.

टिपणं याच यंत्रावर लिहा,
आणि त्यांची एक प्रत संगणकावर ठेवा.